लॉगबुकावरची सही कशाची? स्पीच थेरपीच्या क्लिनिकल प्रशिक्षणाबद्दल खुले पत्र

प्रति,
मुंबईतील वाक्-श्रवण महाविद्यालयांचे प्रमुख आणि त्यांचे विद्यार्थी जिथे पोस्टिंगला, म्हणजे प्रत्यक्ष पेशंटवर काम शिकायला, जातात त्या रुग्णालयांचे, विशेष शाळांचे व दवाखान्यांचे प्रशासन यांस,

सप्रेम नमस्कार.

नव्या सत्राच्या पोस्टिंगचे वेळापत्रक लावण्याचे काम आपल्याकडे सुरू असेल. ते पक्के होण्याआधी आमचे म्हणणे आपल्यापर्यंत पोचावे आणि ज्यांच्या घरच्या माणसांवर हे विद्यार्थी उपचार करतात त्यांनीही ते वाचावे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहोत. आम्ही या शहरातल्या रुग्णालयांत आणि दवाखान्यांत बोलण्याच्या, भाषेच्या आणि गिळण्याच्या त्रासांवर काम करणाऱ्या स्पीच थेरपिस्ट आहोत. विद्यार्थ्यांच्या लॉगबुकावर, म्हणजे कामाच्या नोंदवहीवर, सुपरवायझर म्हणून सह्या आम्हीच करतो. त्या सहीचा अर्थ 'हे काम याला येते, मी पाहिले आहे' असा असायला हवा. आज तिचा अर्थ 'हा विद्यार्थी त्या दिवशी हजर होता' एवढाच उरला आहे, आणि हे आम्हाला मान्य नाही.

चार वर्षांच्या पदवीतले शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे. ते संपले आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झाली की तो मुलगा किंवा ती मुलगी कायद्याने स्वतंत्रपणे उपचार करू शकते. पुढे कुणी अडवून तपासत नाही. अनेकांची पहिली नोकरी शाळेत, उपनगरातल्या छोट्या दवाखान्यात किंवा जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (जिथे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करतात) असते. तिथे विचारायला दुसरा स्पीच थेरपिस्ट बहुधा नसतोच. जे शिकायचे ते पोस्टिंगमध्येच शिकायचे असते.

आमची पहिली तक्रार तास मोजण्याच्या पद्धतीबद्दल आहे. लॉगबुकात तारीख, केसचा प्रकार आणि तास असे रकाने असतात, शेवटी सही. विद्यार्थिनीने काचेआडून दुसऱ्याचे सेशन पाहिले तरी एक तास, स्वतः मुलासमोर बसून घेतले तरी एक तास, आणि ती घेत असताना सुपरवायझर शेजारच्या खोलीत ओपीडीचा पेशंट तपासत असली तरी तोच एक तास. मार्च २०२० नंतर दवाखाने बंद होते तेव्हा पडद्यावर सेशन पाहून तास धरण्याची सोय झाली. त्या दिवसांत ते योग्यच होते. काही ठिकाणी ती सोय अजून चालू आहे, कारण ती सोपी आहे आणि खोली लागत नाही. पण पडद्यावर पाहून मुलाच्या जिभेचे टोक नेमके कुठे टेकते ते कळत नाही, आणि मूल टेबलाखाली शिरले की काय करायचे तेही कळत नाही.

अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्टच्या व्यावसायिक संघटनेचा नियम असा आहे: एकूण ४०० तास, त्यातले २५ निरीक्षणाचे आणि ३७५ प्रत्यक्ष कामाचे. शिवाय प्रत्येक पेशंटबरोबरच्या वेळेपैकी किमान चौथा हिस्सा सुपरवायझरने त्याच वेळी, थेट पाहिलेला असला पाहिजे. तो नियम आपल्याला लागू नाही, आणि त्यांच्या दवाखान्यांची आपल्या ओपीडीशी तुलना करण्यात अर्थ नाही. पण चौथा हिस्सा हे माप लावून पाहावे. सेशन ४५ मिनिटांचे असेल तर चौथा हिस्सा म्हणजे सव्वाअकरा मिनिटे. एका वेळी चार विद्यार्थी सेशन घेत असतील तर सुपरवायझरची ४५च्या ४५ मिनिटे संपली. खोल्या बदलायला, पालकांशी बोलायला, एखाद्या मुलाला झटका आला तर धावायला काही उरले नाही. तिघे असतील तर साधारण अकरा मिनिटे हाताशी राहतात. सहा किंवा आठ विद्यार्थी एका सुपरवायझरकडे एकाच वेळी दिले की थेट देखरेख होणे गणितातच बसत नाही. मग आठवड्याच्या शेवटी लॉगबुकांचा गठ्ठा येतो आणि सह्या होतात. यात सुपरवायझरचा आळस शोधू नका. तिला पगार ओपीडीसाठी मिळतो, शिकवण्यासाठी वेळापत्रकात एक मिनिटही राखलेले नसते.

सर्वांत जास्त काळजी आम्हाला गिळण्याच्या त्रासाच्या पेशंटची वाटते, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो. पक्षाघात, डोक्याला मार, पार्किन्सन, तोंडा-घशाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन यांनंतर घास आणि पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत जाऊ शकते. त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो आणि माणूस दगावूही शकतो. वॉर्डातून रेफरल येते तेव्हा डॉक्टर आणि नातेवाईक दोघांचा प्रश्न एकच असतो: तोंडाने द्यायचे का, आणि काय द्यायचे? उच्चार शिकवताना चूक झाली तर पुढच्या आठवड्यात सुधारता येते. ती सवलत इथे मिळत नाही.

तरीही अनेक विद्यार्थी हे काम वर्गातल्या स्लाइडवर शिकून बाहेर पडतात. वॉर्डातले पोस्टिंग मिळाले तरी गर्दी पलंगाच्या पायथ्याशी उभी असते आणि हात लावतो तो एकटा सुपरवायझर. त्यातून काय निसटते ते सांगतो. पेशंट जागा आणि सावध आहे का, तो सरळ बसतो का, तोंड स्वच्छ आहे का, हे घास देण्याआधी पाहायचे असते. तोंडात वाळलेला चिकटा असेल तर आधी तोंड साफ करायचे, कारण पाण्याबरोबर फुफ्फुसात जंतूही जातात. विद्यार्थी थेट चमचा उचलतात. पाणी पाजून ठसका लागला नाही की 'सेफ' असे लिहितात. पण ज्यांच्या घशाची संवेदना कमी झालेली असते त्यांना पाणी श्वासनलिकेत गेले तरी ठसका लागत नाही. आवाज ओला येतो का, श्वासाचा वेग वाढतो का, ऑक्सिजन उतरतो का, हे पाहावे लागते, आणि एवढे पाहूनही खात्री नसेल तर क्ष-किरणाखाली गिळणे पाहणे किंवा नाकातून दुर्बीण घालून पाहणे याशिवाय उपाय नाही. 'मला खात्री नाही, पुढची तपासणी करा' असे केसपेपरवर लिहायला शिकवावे लागते. पाठीशी सुपरवायझर उभी नसेल तर बावीस वर्षांची मुलगी निवासी डॉक्टरांसमोर असे लिहायचे धाडस करत नाही.

दाटपणाचेही तसेच. पातळ पाणी नीट गिळता येत नसेल तर काही पेशंटना ते दाट करून द्यावे लागते. पातळ पदार्थ किती दाट आहे हे ठरवायला आंतरराष्ट्रीय मापाची सिरींजची चाचणी आहे. १० मिलीची सिरींज घ्यायची, दट्ट्या काढायचा, खालचे तोंड बोटाने दाबून १० मिलीपर्यंत भरायचे, बोट काढून १० सेकंद वाहू द्यायचे आणि पुन्हा दाबायचे. १ मिलीपेक्षा कमी उरले तर ते पाण्यासारखे पातळ, १ ते ४ उरले तर पहिली पायरी, ४ ते ८ दुसरी, ८ च्या वर पण थोडे वाहून गेले असेल तर तिसरी. काहीच वाहिले नाही तर चौथी, आणि मग चमचा तिरका करून पाहायचे. खर्च जवळपास काहीच नाही. पण सिरींजच्या शून्य ते दहा या खुणांमधले अंतर ६१.५ मिलिमीटर असले पाहिजे. सगळ्या कंपन्यांच्या सिरींज तशा नसतात, आणि वॉर्डातली हाताला येईल ती घेतली तर उत्तर चुकते. शिवाय पदार्थ ज्या तापमानाला द्यायचा त्याच तापमानाला मोजायचा.

आता आपल्या घरची पेज घ्या. गरम असताना ती पातळ असते, निवली की दाट होते. आणि तोच चमचा तोंडात घालून पुन्हा वाटीत बुडवला की लाळेतल्या घटकाने स्टार्च फुटतो आणि पेज वाटीतच पुन्हा पातळ होते. सकाळी सिरींजने मोजून दुसऱ्या पायरीची ठरवलेली पेज अर्ध्या जेवणात पाण्यासारखी झालेली असते आणि भरवणाऱ्या सुनेला ते कळत नाही. म्हणून थोडी थोडी वेगळ्या वाटीत काढून घ्यायची, हे सांगावे लागते. पातळ वरण आणि मोकळा भात कालवला तर वरण आधी घशात उतरते आणि शिते तोंडात राहतात, म्हणजे एका घासात दोन वेगळे पदार्थ. मऊ, घोटलेला, एकजीव भात चालतो. पोह्यांवरची शेव चालत नाही. परदेशी तक्त्यातला 'पुडिंग' हा शब्द पाठ करून आलेला विद्यार्थी परळच्या वॉर्डात शेजारी बसलेल्या आजींना काय सांगणार? हे ज्ञान पुस्तकात फारसे नाही. ते पेशंटच्या डब्यापाशी उभे राहूनच येते.

श्वासासाठी गळ्याला नळी बसवलेल्या पेशंटचा एक मुद्दा, कारण तो जिवावरचा आहे. बोलण्यासाठी नळीवर एकेरी झडप लावतात. श्वास नळीतून आत येतो आणि बाहेर स्वरयंत्रातून जातो. नळीभोवतीचा फुगा फुगलेला असताना ती झडप लावली तर श्वास आत जातो, बाहेर पडायला वाटच राहत नाही. आधी फुगा पूर्ण सोडायचा, सक्शन करायचे, मग झडप, आणि नजर पेशंटच्या चेहऱ्यावर व ऑक्सिजनच्या आकड्यावर. पदवी घेऊन बाहेर पडताना ज्याने हे एकदाही स्वतःच्या हाताने, कुणी शेजारी उभे असताना केलेले नाही, त्याला आपण अतिदक्षता विभागात पाठवतो. ज्या रुग्णालयात असे पेशंट कमी येतात, तिथल्या विद्यार्थ्यांनी निदान पुतळ्यावर सराव करावा. पुतळा आणि एक नळी यासाठी लागणारा खर्च कुठल्याही महाविद्यालयाला झेपेल असा आहे.

दुसरा मोठा प्रश्न भाषेचा. मुंबईतल्या मुलाच्या घरी एक भाषा, इमारतीत दुसरी आणि शाळेत तिसरी असते. विद्यार्थीही देशभरातून येतात, ते चांगलेच आहे. पण पोस्टिंगच्या आधी मराठीच्या ध्वनींची ओळख त्यांना कुणी करून देत नाही. 'चमचा' मधला च आणि 'चिमणी' मधला च वेगळे आहेत. हिंदीच्या सवयीचा कान 'चमचा' ऐकतो आणि मुलाची जीभ पुढे सरकते, असा दोष लिहून टाकतो. दोष नसतो, ते मराठी असते. आगरी-कोळी घरांतून 'डोळा'चा 'डोला' आणि 'पाणी'चे 'पानी' सहज ऐकू येते. आई, आजी आणि शेजारी तसेच बोलत असतील तर तो त्या मुलाचा उच्चारदोष कसा? केस हिस्टरीत 'घरी कोण कसे बोलते' हा प्रश्न आणि आईच्या बोलण्याचा दोन मिनिटांचा नमुना घेतला तर ही चूक टळते. तो घेतला जातो का हे पाहणारे कुणी नसते.

दुभंगलेल्या टाळूच्या मुलांची तपासणीही अशीच. हवा नाकातून निसटते का हे पाहायला नाकपुड्यांखाली थंड आरसा धरतात. त्यासाठी अनुनासिक, म्हणजे नाकातून निघणारे, ध्वनी नसलेले वाक्य लागते: 'बाबा, बाग बघ.' विद्यार्थी हातातले कुठलेही चित्र दाखवून 'मनी माऊ' म्हणायला लावतात. त्यात म आणि न आहेत, आरसा धूसर होणारच. किंवा मूल बोलायला लागण्याआधीच आरसा लावतात आणि नुसत्या श्वासाची वाफ दोष म्हणून नोंदवतात. आरसा बोलणे सुरू झाल्यावर लावायचा आणि थांबण्याआधी काढायचा. एकदा हात धरून दाखवले की जन्मभर लक्षात राहते.

अफेजियाच्या, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा गेलेल्या किंवा बिघडलेल्या, पेशंटना इंग्रजी चाचण्यांतली वाक्ये जागेवर भाषांतर करून विचारली जातात. पुन्हा म्हणण्याच्या भागात गुण शब्दांवर ठरलेले असतात. मराठीत प्रत्यय नामाला चिकटतात, इंग्रजीतले तीन-चार शब्द आपल्याकडे एका शब्दात येतात, आणि गुणांचा हिशेब कोसळतो. पुढच्या महिन्यात दुसरा विद्यार्थी तेच वाक्य वेगळे करून विचारतो. मग गुण वाढले ते पेशंट सुधारला म्हणून की वाक्य सोपे झाले म्हणून, हे सांगता येत नाही. निदान प्रत्येक विभागाने एकच लिखित मराठी आणि एकच लिखित हिंदी प्रत ठरवावी आणि सर्वांनी तीच वापरावी.

तिसरी तक्रार पालकांच्या वतीने. पोस्टिंग संपते, विद्यार्थी बदलतो, मूल तेच असते. नवा विद्यार्थी पहिल्यापासून तपासणी करतो, त्याच चित्रकार्डांनी. तिसऱ्या वेळी मुलाला कार्डे पाठ झालेली असतात आणि प्रगती झाल्यासारखी दिसते. फाइलमध्ये '६० टक्के' लिहिलेले सापडते. कशाचे साठ टक्के? 'शब्दाच्या सुरुवातीचा क, २० पैकी १२ बरोबर, चित्र दाखवून, आधी ऐकवल्याशिवाय' असे लिहिले तर पुढच्याला काम तिथूनच उचलता येते. कर्जतहून किंवा विरारहून मुलाला कडेवर घेऊन, रोजंदारी बुडवून येणाऱ्या आईचे दर काही आठवड्यांनी पुन्हा पहिले पाऊल सुरू होते. काही महिन्यांनी ती यायची थांबते आणि केसपेपरवर 'पालक अनियमित' असा शेरा पडतो. तो शेरा अन्यायाचा आहे.

समोर बसलेली व्यक्ती विद्यार्थी आहे हे कुटुंबाला सांगितले जात नाही, हेही इथेच नोंदवतो. काही खासगी दवाखान्यांत पालक पूर्ण फी भरतात, सेशन इंटर्न घेते, आणि इंटर्नला ना मानधन ना मार्गदर्शन. पेशंटचे व्हिडिओ विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर असतात आणि व्हॉट्सअॅपवरून फिरतात. हे ताबडतोब थांबले पाहिजे.

आमच्या मागण्या अशा आहेत.

लॉगबुकात चार रकाने करा: पाहिले, मदतीने केले, स्वतः केले, आणि सुपरवायझर किती मिनिटे समोर होती. शेवटचा रकाना रिकामा असेल तो तास प्रत्यक्ष कामाचा धरू नका. पडद्यावर पाहिलेले तास वेगळे नोंदवा आणि निरीक्षणातच मोजा.

एका सुपरवायझरकडे एका वेळी तीनपेक्षा जास्त विद्यार्थ्यांची सेशन्स लावू नका. त्या वेळेत तिच्याकडे ओपीडी नको. रुग्णालय प्रशासनाने हे आठवड्याच्या वेळापत्रकात लेखी राखून द्यावे, सुपरवायझरच्या सदिच्छेवर सोडू नये.

प्रत्येक सेशननंतर लगेच १५ मिनिटे चर्चेसाठी ठेवा. सकाळी परळ आणि दुपारी वांद्रे असे पोस्टिंग लावले की विद्यार्थी सेशन संपताच दादरला गाडी बदलायला पळतो आणि जे सांगायचे ते राहून जाते. एका दिवशी एकच ठिकाण द्या.

गिळण्याची तपासणी, गळ्याच्या नळीची काळजी, टाळूची तपासणी आणि अफेजियाची चाचणी या कामांसाठी तासांऐवजी टप्प्यांची यादी करा. सुपरवायझरने प्रत्येक टप्पा स्वतः पाहून सही करावी. यादी पूर्ण झाल्याशिवाय इंटर्नशिप पूर्ण झाल्याचे प्रमाणपत्र देऊ नका. जिथे एखाद्या प्रकारचे पेशंट येत नाहीत तिथल्या विद्यार्थ्यांची दुसऱ्या रुग्णालयात अदलाबदल करा. मुंबईत हे शक्य आहे, कारण बालरोग, कर्करोग, मेंदूविकार असे सगळे विभाग एका लोकलच्या अंतरावर आहेत. अडचण महाविद्यालयांमधल्या करारांची आहे, आणि ती प्रमुखांनी एका बैठकीत सोडवावी.

पहिल्या पोस्टिंगआधी मराठी ध्वनी आणि मुंबईच्या बोली यांवर आठवडाभराचे शिक्षण ठेवा. नमुने ध्वनिमुद्रित असावेत आणि ते ऐकून लिहिण्याची परीक्षा असावी.

पोस्टिंग बदलताना नव्या विद्यार्थ्यासाठी प्रत्येक पेशंटची एक पानाची हस्तांतरण-नोंद सक्तीची करा, आणि एक सेशन जुन्या व नव्या विद्यार्थ्याने मिळून घ्यावे. पालकांना विद्यार्थ्याची ओळख विद्यार्थी म्हणूनच करून द्या, नकार देण्याची मुभा द्या, आणि नकार दिल्याने त्यांचा नंबर मागे जाणार नाही याची हमी द्या. चित्रीकरण विभागाच्या उपकरणावरच व्हावे. जो दवाखाना इंटर्नकडून सेशन घेऊन फी आकारतो त्याने मानधन आणि सुपरवायझर दोन्ही द्यावेत, अन्यथा तिथले पोस्टिंग बंद करावे.

यातल्या बहुतेक मागण्यांना नवी इमारत लागत नाही, नवे यंत्रही लागत नाही. सुपरवायझरची काही पदे मात्र लागतील आणि त्यासाठी पैसे लागतील, हे आम्ही लपवत नाही. पदे मंजूर होईपर्यंत ओपीडीच्या वेळा बदलून तीन विद्यार्थ्यांचे प्रमाण कसे पाळता येईल, याचा आराखडा आम्ही तयार करून देऊ. चारही कामांच्या टप्प्यांच्या याद्यांचा कच्चा मसुदाही देऊ, तो तपासून दुरुस्त करून घ्यावा. नव्या सत्राचे पहिले पोस्टिंग सुरू होण्याआधी आपण सर्व प्रमुखांची बैठक बोलवावी, तिला सुपरवायझर, विद्यार्थी आणि पालक यांचे प्रत्येकी दोन प्रतिनिधी असावेत, आणि जे ठरेल ते प्रत्येक विभागाच्या सूचनाफलकावर मराठीत लावावे, ही विनंती.

आपल्या,
मुंबईतल्या रुग्णालयांत व दवाखान्यांत विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या स्पीच थेरपिस्ट